कोल्हापूर दीड दिवस, सोबत ७४ वर्षांचे बाबा, प्रायव्हेट गाईड घ्यावा का?

नाशिकची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं कोल्हापूरला येतोय, मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. रविवारी सकाळी पोचणार, सोमवारी दुपारी निघणार, म्हणजे सगळं धरून दीड दिवस. अंबाबाईचं दर्शन तर आहेच पण खरं कारण बाबा आहेत. ते ७४ चे आहेत, १९६८ ते ७१ अशी तीन वर्षं बी.ए. साठी कोल्हापुरात होते, दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहायचे. नंतर नोकरी नाशिककडे लागली आणि परत जाणं झालंच नाही. गेली दोन वर्षं दर दिवाळीला विषय निघतो, यंदा मी सरळ तिकिटं काढून टाकली.

तर प्रश्न असा की अर्ध्या दिवसासाठी प्रायव्हेट गाईड घ्यावा का. बाबा म्हणतात मला कसला गाईड, मी राहिलोय तिथं. पण ते ५० वर्षांपूर्वीचं कोल्हापूर आणि आता त्यांचा उजवा गुडघा धड नाही, मुलाला इतिहासात रस आहे पण आजोबांच्या गोष्टी तो अर्ध्यावर सोडतो, आणि मला स्वतःला तिथलं काहीच माहीत नाही. जी गाडी ठरवतोय तो ड्रायव्हर म्हणतो मीच सगळं दाखवतो, वेगळ्या गाईडची गरज नाही. मागे एका दुसऱ्या शहरात आम्ही असाच गाईड केला होता तर त्याने एका दमात सगळं पाठ म्हणून दाखवलं आणि मग दोन दुकानांत नेऊन बसवलं, बाबा बाहेर उन्हात उभे. तसं परत व्हायला नकोय. गाईड कुठून शोधायचा, किती तास घ्यायचा, काय विचारायचं, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

सोलापूरकर

मी आत्तापर्यंत चारदा गेलोय आणि एकदाही गाईड घेतला नाही. कोल्हापूर लहान आहे हो, देऊळ, भवानी मंडप, रंकाळा, न्यू पॅलेस, सगळं रिक्षाने होतं, रिक्षावाल्यांनाच भरपूर माहिती असते आणि ते आपुलकीने सांगतात पण. त्यापेक्षा ते पैसे चांगल्या जेवणावर घाला. तांबडा पांढरा खायला आणि सकाळी मिसळीला वेळ ठेवा म्हणजे झालं.

पेठेतली

सोलापूरकर दादा, तुमचं बरोबर आहे पण अर्धं. ठिकाणं बघायला गाईड नको, हे मलापण मान्य. रंकाळ्यावर संध्याकाळी जाऊन भेळ खायला कशाला पाहिजे गाईड. देवळात दर्शनाच्या रांगेत उभं राहायला पण नको. पण ताईंच्या बाबांना ठिकाणं बघायची नाहीत, त्यांना गाव बघायचंय, आणि गाव गाडीतनं दिसत नाही. मी शिवाजी पेठेत वाढलो, आत्ता पण इथंच आहे (हो मी बाईच आहे, आमच्यात बायका पण येतो जातोच म्हणतात, तुमच्या बाबांना आठवत असंल), तर माझं स्पष्ट मत सांगतो, गाईड घ्या पण पायी फिरायला घ्या, गाडीतनं फिरायला नको.

आता बघा, कपिलतीर्थ मार्केटमध्ये रोज हजार माणूस भाजी घेतं, तिथं एकेकाळी तळं होतं हे बोर्ड लावून कोण सांगत नाही. गांधी मैदानाचं तसंच, ते वरुणतीर्थ, पाणी होतं तिथं, म्हणून तर त्या बाजूला वरुणतीर्थ वेस म्हणतात. वेस म्हंजे गावाचा दरवाजा, गंगावेस, रंकाळा वेस, आता दरवाजे गेले आणि नावं राहिली. तिकटी म्हंजे तीन रस्ते मिळतात ती जागा, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. हे एकदा कळलं की तुमचा मुलगा दुकानांच्या पाट्या वाचत नकाशा लावायला लागंल. ड्रायव्हरला हे माहीत असतं पण तो गाडी कुठं लावू ह्या टेन्शनमध्ये असतो, त्याला बोलायला सवडच नसते. महाद्वार रोडला रविवारी गाडी घालून बघा म्हंजे कळंल मी काय म्हणतो ते. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला किंवा दसरा चौकात लावायची आणि पुढं चालायचं नाहीतर रिक्षा.

बाबांच्या गुडघ्याचं म्हणाल तर एक सांगतो, दसरा चौकापासनं सुरू करा. त्यांचं बोर्डिंग तिथंच. तिथनं टाऊन हॉल जवळ आहे, मग रिक्षानं बिंदू चौक, तिथनं भवानी मंडप पाच मिनिटं चालत, आणि भवानी मंडपाच्या मागं गेलं की खासबाग मैदान. एवढंच. पन्हाळा, जोतिबा हे त्याच दिवशी कोंबू नका, पन्हाळ्याला जायचं तर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी ह्याला निवांत अर्धा दिवस लागतो, गुडघा दुखत असताना तर जास्तच. बरेच जण एका दिवसात जोतिबा, पन्हाळा, देऊळ, रंकाळा, पॅलेस असं करतात आणि घरी जाऊन त्यांना फक्त पार्किंग आठवतं.

आणि रात्री गंगावेसला दूध प्यायला न्या सगळ्यांना. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. हे बाबांनी त्यांच्या वेळी नक्की प्यालं असणार.

नाशिकची_लेक

@पेठेतली बाबांना वाचून दाखवलं, धारोष्ण दूध ऐकल्यावर उठून बसले. म्हणाले परीक्षेच्या रात्री आम्ही सहा जण चालत जायचो. सोलापूरकर तुमचंही पटतंय, जेवणाला वेळ ठेवतेच. पण आता गाईड घ्यायचा असं जवळजवळ ठरलंय, फक्त चांगला कसा ओळखायचा ते कुणीतरी सांगा.

वाट_दाखवणारा

मी स्वतः कोल्हापुरात गाईडचं काम करतो, त्यामुळे नाव नंबर काही टाकत नाही, जाहिरात होईल आणि ते इथं बरं दिसणार नाही. पण आमच्या बाजूने काय चालतं ते सांगतो, तुम्हाला उपयोग होईल.

पहिलं म्हणजे ओळखपत्र विचारा, संकोच करू नका. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचं लायसन्स असलेले गाईड असतात, काही जण राज्याच्या पर्यटन विभागाचं ट्रेनिंग घेतलेले असतात, त्यांच्याकडे कार्ड असतं आणि दाखवायला त्यांना आनंदच होतो. दुसरे म्हणजे इतिहासाचे विद्यार्थी, हेरिटेज वॉक करणारी मंडळी, त्यांच्याकडे कार्ड नसेलही पण पेठा फिरायच्या असतील तर त्यातले काही जण आमच्यापेक्षा बरे. म्हणजे फक्त कार्डावर जाऊ नका, फोनवर पाच मिनिटं बोला, त्यात सगळं कळतं.

फोनवर एकच प्रश्न विचारा, चार तासांत तुम्ही आमच्यासाठी काय वगळाल? जो म्हणेल काही वगळायचं नाही, सगळं बसवतो, त्याला नमस्कार करा. चांगला माणूस आधी उलट विचारतो, वय काय, चालता किती येतं, आधी आला होता का, मुलाला काय आवडतं. वडील बोर्डिंगात होते, कुठल्या साली होते, हे सगळं आधी सांगून टाका. आम्हाला ते आधी कळलं तर आम्ही तयारीने येतो, अगदी जागेवर पोचल्यावर कळलं तर आम्ही आमचं नेहमीचंच बोलत राहतो, हे खरं आहे आणि यात चूक आमची एकट्याची नसते.

पैशाचं आधी स्पष्ट करा. दर ग्रुपचा असतो, डोक्यामागे नाही. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जास्त वेळ झाला तर तासाला किती, प्रवेशाचं तिकीट आणि रिक्षा कुणाची, हे मेसेजवर लिहून घ्या. थोडा अ‍ॅडव्हान्स द्या, पूर्ण देऊ नका. आणि दुकान नको असेल तर नको म्हणून आधीच सांगा. आमच्या धंद्यात कमिशन चालतं हे नाकारण्यात अर्थ नाही, चपलेचं दुकान असो की साजाचं. मी घेत नाही, न घेणारे बरेच आहेत, पण गिऱ्हाईकाने आधी बोललेलं सगळ्यात उत्तम. खरेदी गाईड गेल्यावर निवांत करा. कोल्हापुरी चप्पल घेणार असाल तर खरी चप्पल वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्याची असते, सोल चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो, खिळा नाही आणि रबर नाही. हातात घेऊन वाकवून बघा, वास घ्या. २०१९ मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.

एक अजून, देवळाच्या आसपास कुणी येऊन लगेच दर्शन करून देतो म्हणाला तर तो गाईड नव्हे. त्याच्या मागे जाऊ नका. घाई असेल तर मुखदर्शनाची रांग आहे, ती लवकर सरकते.

निवृत्त_मास्तर

वरच्या मंडळींनी चांगलं सांगितलंय, मी फक्त वाराचं बघा म्हणतो. टाऊन हॉलचं म्युझियम सोमवारी बंद असतं. तुम्ही सोमवारी म्युझियम ठेवलं असेल तर दारावरनं परत याल, माझ्या पाहुण्यांचं दोनदा झालंय. तेव्हा रविवारी दुपारी गाईड घ्या आणि दर्शन सोमवारी पहाटे करा, रविवारपेक्षा गर्दी बरीच कमी मिळेल.

आणि टाऊन हॉल चुकवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोल्हापूरला येणारी माणसं देवीला जातात, जेवतात, चप्पल घेतात आणि जातात, त्या बागेतल्या इमारतीत काय आहे हे शंभरातल्या नव्वद जणांना ठाऊक नसतं. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी म्हणून टेकाड आहे, तिथं १९४० च्या दशकात उत्खनन झालं आणि त्यात रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या, त्यातली पोसायडनची छोटी मूर्ती टाऊन हॉलमध्ये आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं, सह्याद्री ओलांडून ती मूर्ती इथं आली म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथनं कोकणातल्या बंदरांकडे आणि तिथनं पार रोमपर्यंत व्यापार चालत होता. तेरा वर्षांच्या मुलाला ही मूर्ती दाखवायची आणि मग नकाशा काढायला लावायचा. मी ३० वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या डोळ्यात जी चमक त्या काचेपुढं बघितली ती पुस्तकानं कधी आली नाही.

इमारत पण बघा. ती मेजर मंट ह्या इंग्रज अभियंत्याची, न्यू पॅलेस त्याचाच, आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस पण मूळ त्याच्याच आराखड्यावर सुरू झाला. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ असा बांधून झाला पण मंट १८८१ लाच वारला, पूर्ण झालेला बघायला तो राहिला नाही. वेळ कमी असेल तर माझ्या मते न्यू पॅलेस सोडा आणि टाऊन हॉल ठेवा, बरेच जण उलट सांगतील.

रंकाळ्याकाठी

मास्तरांना पूर्ण पाठिंबा. फक्त जानेवारीच्या शेवटी येत असाल तर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, मग वर, मग मुखावर. नोव्हेंबरात ९, १०, ११ ला पण असतं. त्या दिवसांत संध्याकाळी देवळात प्रचंड गर्दी, वयस्कर माणूस सोबत असेल तर विचार करून या.

पेठेतली

आणि गाईडला बिंदू चौकात पाच मिनिटं जास्त थांबायला सांगा. तिथं म्हणजे नुसता सिग्नल आणि पार्किंग बघून लोक जातात. महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत तिथं, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेत, बाबासाहेब हयात असताना. मला ते दर वेळी सांगताना भरून येतं, कारण ते उगाच नाही झालं, त्याच्या आधी ह्या गावात १९०२ ला शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या आणि दसरा चौकात एका मागोमाग एक बोर्डिंगं उभी केली होती, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, सगळ्यांची. वसतिगृहांची जननी म्हणतात आमच्या गावाला. ताई तुमचे बाबा त्याच साखळीतले आहेत हो. गाईडनं हे नीट जोडून सांगितलं पाहिजे, दसरा चौक ते बिंदू चौक हे अंतर रिक्षात बसून दहा मिनिटाचं आहे पण सांगायला पाऊण तास लागतो.

नाशिकची_लेक

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, आल्यावर बाबांना जरा ताप आला होता, आता बरे आहेत. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून सांगितलं होतं.

तिघांना फोन केले. पहिल्याने मला फोनवरच सतरा ठिकाणांची यादी वाचून दाखवली आणि त्यात पन्हाळा पण होता. दुसऱ्या बाई चांगल्या बोलल्या पण त्या रविवारी त्यांना दुसरं काम होतं. तिसऱ्याला मी वाट_दाखवणारा यांचा प्रश्न विचारला, काय वगळाल, तर तो म्हणाला आधी काकांना किती पायऱ्या चढता येतात ते सांगा, मग मी वगळतो. तिथंच ठरलं. इतिहासात एम.ए. केलेला मुलगा, तिशीतला असेल. रविवारी दोन ते सहा, चार तासांचे दोन हजार ठरले, शेवटी पाऊण तास जास्त झाला त्याचे पाचशे आम्ही आपणहून दिले, तो नको म्हणत होता.

टाऊन हॉलला सुरुवात केली. बाबा आत जाईपर्यंत कुरकुरत होते आणि दारात थांबून म्हणाले की मी तीन वर्षं ह्या रस्त्याने रोज गेलो, बागेत अभ्यास केला, आत एकदाही आलो नाही. पोसायडनपुढे मुलगा आणि गाईड दोघं इतका वेळ उभे होते की मागची माणसं वैतागली. मास्तर, त्याने हॉटेलवर आल्यावर खरंच नकाशा काढला, वहीच्या मधल्या पानावर, कोल्हापूरपासून रोमपर्यंत बाण मारून. फोटो काढून ठेवलाय.

मग दसरा चौक. इथं मला वाटलं होतं बाबा भावूक होतील वगैरे पण ते झाले कोड्यात पडल्यासारखे, काही ओळखू येईना. गेट बदललं, समोर दुकानं, रस्ता रुंद. दहा मिनिटं ते नुसते इकडे तिकडे बघत होते आणि गाईड एक अक्षर बोलला नाही, नुसता शेजारी उभा राहिला. मग त्याने हळूच विचारलं, काका तुम्ही जेवायला कुठनं आत जायचा? तर बाबा बाजूच्या बोळात वळले आणि तिथनं पुढे त्यांना सगळं आठवत गेलं. पहाटे चारला पाणी यायचं, कोण कुणाच्या आधी उठायचा, दर महिन्याला घरनं पाच रुपये कमी आले तर काय करायचे, हे मी चाळीस वर्षांत कधी ऐकलेलं नव्हतं. मुलगा सगळं ऐकत होता, अर्ध्यावर न सोडता. मला वाटतं परक्या माणसाने विचारलं म्हणून बाबा नीट सांगत होते, आम्ही विचारलं की ते म्हणतात सांगितलंय ना मागे.

पेठेतली ताई, बिंदू चौकात आम्ही अर्धा तास होतो. पुतळे १९५० चे हे बाबांना माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी ते तिथनं जायचे म्हणे. कट्ट्यावर टेकले आणि गाईडला पुन्हा विचारलं, हयात असताना? नक्की? आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

भवानी मंडपातनं खासबागला रिक्षा केली कारण गुडघा बोलायला लागला होता. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले तिथं त्यांनी रोममधलं गोल मैदान बघितलं आणि परत येऊन हे कुस्तीचं मैदान बांधायला घेतलं, १९१२ ला पूर्ण झालं, हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला म्हणजे आज दोनदा रोम. मैदानाची रचनाच अशी आहे की कुठंही बसा, मधला हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, दिसतोच. बाबा वरच्या पायरीवर बसून होते, सत्तर सालच्या कुस्त्यांचं सांगत होते, त्या वेळी कोण कुठं बसलं होतं ते सुद्धा.

शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह मात्र त्यांना दाखवायला नको होतं असं मला वाटलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं हे त्यांनी टीव्हीवर बघितलं होतं, पण प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर चेहरा उतरला. बोर्डिंगातली मुलं पैसे जमवून तिथं संगीत नाटकं बघायची. गाईडने सांगितलं की आग लागली ती केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आणि गावातली माणसं रात्रभर रस्त्यावर उभी राहून रडत होती. बाबा म्हणाले चला. ते बरोबर केलं की चूक मला अजून कळत नाही. तुमच्यापैकी कुणी वयस्कर माणसाला नेत असेल तर आधी विचारा एवढंच म्हणेन.

न्यू पॅलेस राहिला. रंकाळा सोमवारी दर्शनानंतर बघितला, पहाटे साडेपाचला रांगेत लागलो आणि तासाभरात बाहेर. दूध रविवारी रात्री गंगावेसला, मुलाने दोन ग्लास, बाबांनी एकच पण सावकाश.

चूक एकच झाली, ड्रायव्हरला आम्ही आधी नीट सांगितलं नव्हतं की गाईड येणार आहे, तो नाराज झाला आणि दोनदा गाईडचं बोलणं मध्येच तोडून स्वतः सांगायला लागला. दोघांची ओळख सकाळीच करून द्यायला हवी होती, कोण कुठं बोलणार ते ठरवून.

आता बाबा म्हणतायत खिद्रापूर राहिलं. तिथं पायऱ्या किती आहेत?

पेठेतली

ताई वाचून लई बरं वाटलं. काका बरे आहेत ना आता? नाट्यगृहाचं मनाला लावून घेऊ नका, आमची पण तीच गत आहे, त्या रस्त्यानं जाताना मी अजून पण नजर वळवून जातो.

खिद्रापूरला चढ नाही, कोपेश्वराचं देऊळ गावातच सपाटीला आहे, उंबरे आणि थोड्या पायऱ्या तेवढ्या ओलांडायच्या, हात धरला की झालं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर आहे आणि मधोमध छत गोल उघडं, खाली बसून वर बघायचं. कोल्हापुरातनं गाडीनं दीड दोन तास धरा, वाटेत नृसिंहवाडी करा, तिथं पण काकांना नदीकाठी बसता येईल. फक्त पावसाळ्यात नको, कृष्णेला पाणी आलं की रस्ते बंद होतात. हिवाळ्यात या, आणि त्याच पोराला गाईड म्हणून न्या, काका त्याच्याशी बोलतात ना.